फटीच्या बाजूने

भांडायचंच आहे तर मुद्दा पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. लाकडी फरशी आणि भिंत यांच्यामध्ये फट हवी. चारही बाजूंनी हवी, दारापाशी हवी, खांबाभोवती हवी. साधारण ८ ते १२ मिलिमीटर, आणि खोली मोठी असेल तर त्याहून जास्त. ती स्कर्टिंगच्या आड लपवा, पण सिमेंट, पुट्टी, एम-सील असलं काही कोंबून ती बुजवू नका. ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. भिंतीला पिवळा रंग द्यायचा की निळा, ही आवड. फट ठेवायची की नाही, हा प्रश्न लाकडाने आपण जन्मायच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला आहे.

तरीही जळगाव-धुळ्यात सध्या हा वाद रोज कुठे ना कुठे चालू असतो. नवीन फ्लॅट होतो, रील बघून बेडरूमला ‘वूडन फ्लोअरिंग’ करायचं ठरतं, खोकी येतात, मिस्त्री येतो. तो भिंतीपासून बोटभर जागा सोडून पहिली फळी ठेवतो आणि मालक विचारतो, “हे काय भो? एवढी मोकळी जागा? कापायला चुकला का तू?” मिस्त्री सांगतो की ठेवावी लागते. मालक म्हणतो, शेजाऱ्याकडे तर एकदम चिकटून बसवलंय. इंटिरियरवाला फोनवरून म्हणतो, “साइटवर बघून घ्या.” म्हणजे काय, ते कोणालाच कळत नाही. शेवटी जिंकतो तो पैसे देणारा. फळी भिंतीला टेकते, वर स्कर्टिंग बसतं, फोटो निघतो, स्टेटसला जातो.

मग जुलै येतो.

उन्हाने नाही, ओलाव्याने

आपल्याकडची पहिली गफलत अशी, की जे काही फुगतं ते उन्हाने फुगतं असं आपण धरून चालतो. त्यात आपला दोष नाही. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे सगळी पापं उन्हाच्या नावावर जमा होतात. लोखंडाच्या बाबतीत ते खरंही आहे. लाकडाच्या बाबतीत उलट आहे. लाकूड उष्णतेने फार हलत नाही. ते हलतं हवेतल्या ओलाव्याने. हवा कोरडी झाली की लाकूड आपल्यातलं पाणी सोडतं आणि आकसतं. हवा दमट झाली की पाणी घेतं आणि फुगतं. झाड तोडून, रंधून, पॉलिश करून, खोक्यात घालून विकलं तरी त्याची ही सवय जात नाही. पॉलिशने ती मंदावते, एवढंच.

म्हणजे खान्देशात लाकूड सगळ्यात बारीक केव्हा असतं? एप्रिल-मेमध्ये. दुपारची हवा इतकी कोरडी असते, की दोरीवर टाकलेला टॉवेल चहा होईपर्यंत वाळतो. सगळ्यात फुगलेलं केव्हा? जुलै-ऑगस्टमध्ये. आणि आपण घरं कधी सजवतो? आखाजीला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, वास्तुशांत, पाहुणे, आंब्याचा रस. त्याआधी फरशी झाली पाहिजे म्हणून चैत्र-वैशाखात मिस्त्रीच्या मागे तगादा. थोडक्यात, लाकूड वर्षातलं सर्वांत आकसलेलं असतं नेमक्या त्या आठवड्यात आपण ते भिंतीला टेकवून बसवतो. त्यानंतर त्याला एकच दिशा उरलेली असते, वाढायची. आणि वाढायला आपण जागा ठेवलेली नसते.

त्यात भर कूलरची. मार्चपासून खिडकीत बसलेला कूलर दिवसभर ओली हवा आत फेकतो. म्हणजे बाहेर वाळवंट, आत पावसाळा. कूलरच्या खोलीतली फरशी भर मे महिन्यातच फुगायला लागते आणि हॉलमधली आकसलेलीच असते. एकाच घरात दोन ऋतू. पुण्यात बसून लिहिलेल्या इंटिरियरच्या सल्ल्यात हे सापडणार नाही, कारण तिकडे मे महिना असा नसतो.

आता आकडे. सागाची फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. लाकडातला ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.१ ते ०.१९ टक्के बदलते. लाकूड कोणत्या अंगाने कापलं आहे त्यावर हे ठरतं. कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत लाकडातल्या ओलाव्यात १० टक्क्यांचाही फरक पडू शकतो. घरातली, पॉलिश केलेली फळी इतक्या टोकाला जात नाही, म्हणून आपण फक्त ४ टक्के धरू. ३ मीटर रुंदीच्या खोलीत फळ्या एकमेकींना चिकटून बसवल्या असतील, तर हा बदल १२ ते २२ मिलिमीटर होतो. दोन्ही भिंतींना १०-१० मिलिमीटर फट ठेवली तर तो बहुतांशी सामावतो. कोणी तरी मनाला येईल तसा काढलेला हा आकडा नाही, हे यावरून कळावं.

लॅमिनेटचं वेगळं. त्याच्या पोटात लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो, म्हणून तो लांबीत आणि रुंदीत असा दोन्हीकडे हलतो. थरांच्या इंजिनिअर्ड फळ्या कमी हलतात. पण कमी म्हणजे शून्य नाही.

एका मिलिमीटरचा हिशेब

“एवढं-तेवढं वाढलं तर काय होतं? दाबून राहील की,” असं म्हणणाऱ्यांसाठी नववी-दहावीतलं भूमितीचं गणित. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

५ मीटरची खोली आहे. फरशी दोन्ही भिंतींना टेकलेली आहे. ती फक्त १ मिलिमीटरने वाढली. भिंती मागे सरकणार नाहीत. मग फरशी मधोमध वर उचलली जाईल, तंबूसारखी. तंबूची एक बाजू २५००.५ मिलिमीटर, तिचा पाया २५०० मिलिमीटर. पायथागोरस लावा आणि उंची काढा. उत्तर ५० मिलिमीटर येतं. पन्नास! एका मिलिमीटरच्या वाढीला पाच सेंटिमीटरचा उंचवटा.

खऱ्या खोलीत हे इतकं नेटकं होत नाही. फळीचं वजन, वरचं कपाट, खालचा गोंद हे सगळे तिला काही काळ दाबून धरतात. काही वाढ फळ्यांमधल्या बारीक सांध्यांत जिरते. पण जोर साठत जातो आणि एक दिवस सगळ्यात कच्च्या जागी सुटतो. म्हणून फरशी हळूहळू फुगताना दिसत नाही. ती सोमवारी सपाट असते आणि मंगळवारी दार उघडत नाही.

फटीची किंमत किती? शून्य रुपये. उलट तेवढी फळी वाचते.

आपल्याला हे ठाऊक होतं

मला राग येतो तो अज्ञानाचा नाही. राग येतो तो याचा, की खान्देशाला ही गोष्ट कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरजच नव्हती. तापीकाठची काळी माती बघा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात. माती ओलीने फुगते, वाळली की आकसते. या जमिनीवर घर बांधताना पाया किती खोल घ्यायचा यावर गावातली म्हातारी माणसं तासभर बोलू शकतात. तिच्यावर बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात, हे आपण आजन्म बघतो.

बैलगाडीचं चाक आठवा. निदान आजोबांना विचारा. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती तापवून लाल करायचा, चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव गार होऊन आवळायची आणि आरे घट्ट बसायचे. लोखंड तापून वाढतं, हे ज्ञान. पण उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की तीच धाव ढिली पडायची. मग शेतकरी काय करायचा? चाक नदीत, नाल्यात किंवा हौदात बुडवून ठेवायचा. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट. एकाच चाकात दोन्ही नियम: लोखंडाला उष्णता, लाकडाला पाणी. शाळेची पायरी न चढलेला माणूस हे दोन्ही हाताळत होता. त्याचा नातू भुसावळच्या फ्लॅटमध्ये मिस्त्रीला विचारतो, “फट कशाला?”

जुन्या दाराची फळी बघा. सुतार चौकटीला आतून खाच पाडायचा आणि मधली फळी त्या खाचेत नुसती अडकवून ठेवायचा. गोंद नाही, खिळा नाही. फळी खाचेतल्या खाचेत फुगते, आकसते, चौकट जागची हलत नाही. बाहेरून फट दिसत नाही, पण आहे. स्कर्टिंगखालची फट म्हणजे हीच खाच.

आणि कापूस? हमीभावाच्या खरेदी केंद्रावर कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून, त्याच्या वर माल परत. त्या एका आकड्यावरून आपण केंद्रावर हमरीतुमरीवर येतो. लाकूडही त्याच जातीचं आहे, झाडाचाच तंतू. त्यातला ओलावा मोजायचं यंत्रही मिळतं. भारतीय मानकांमध्ये आयएस २८७ नावाचं एक मानक आहे. लाकूड कशासाठी वापरणार आणि देशाच्या कोणत्या हवामानात वापरणार, त्याप्रमाणे त्यात किती ओलावा चालेल, हे त्यात दिलेलं आहे. क्विंटलभर कापसासाठी आपण ओलावा मोजतो. लाखभराच्या फरशीसाठी कोणी मोजलेला तुम्ही बघितलाय?

विरोधकांचे मुद्दे, एकेक करून

*“जुन्या वाड्यांत कुठे फट होती?”*

सगळीकडे होती. माडीची लाकडी जमीन म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या सुट्या फळ्या. खालून वर बघितलं की फळ्यांमधून उजेडाच्या रेघा दिसायच्या, वर कोणी झाडलं की खाली ताटात धूळ पडायची. दोन्ही अंगांनी हवा खेळायची. एक मोठी फट भिंतीपाशी ठेवण्याऐवजी प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक फट होती. आज आपण फळ्या एकमेकींत ‘क्लिक’ करून अख्ख्या खोलीची एकच मोठी फळी बनवतो. त्या सगळ्या बारीक फटी गोळा होऊन भिंतीपाशी येतात, इतकंच.

*“आमचं वॉटरप्रूफ आहे. एसपीसी घेतलंय.”*

एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. पाण्याने ते फारसं फुगत नाही, कबूल. पण प्लास्टिक उष्णतेने वाढतं. पश्चिमेची काच, पडदा नाही आणि मे महिन्यातली चार वाजताची उन्हं. तिथे हा माल हलतो. म्हणूनच त्याच्या खोक्यातल्या सूचनापत्रातही भिंतीपाशी फट ठेवा असं लिहिलेलं असतं. ‘वॉटरप्रूफ’चा अर्थ पाण्याने खराब होत नाही, एवढाच. जागचं हलत नाही, असा नाही.

*“फटीत कचरा जातो, झुरळं होतात, वाळवी लागते.”*

हा एकच मुद्दा मी गांभीर्याने घेतो, कारण वाळवी ही आपल्याकडे खरी भीती आहे. पण वाळवी अगदी बारीक चिरेतूनही वाट काढते. तुम्ही फटीत कोंबलेलं सिमेंट फरशीच्या पहिल्याच धक्क्याला चिरतं आणि तिला रस्ता तयार होतो. वाळवीचा बंदोबस्त फरशीच्या आधी, खालच्या कोब्यावर आणि भिंतीच्या बुडाशी औषध मारून करायचा. फट बुजवणं हा त्यावरचा इलाज नाही. कचऱ्याचं म्हणाल तर वर स्कर्टिंग आहे की. स्कर्टिंगचा शोध मुळात हे कडेचं काम झाकायलाच लागला आहे.

*“रेल्वेनेसुद्धा आता रुळांमधल्या फटी काढून टाकल्या.”*

भुसावळकडच्या माणसाला हा मुद्दा फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर. पूर्वी १३ मीटरचा रूळ, मग फट, मग रूळ. १३ मीटर पोलाद ५० अंशांनी तापलं तर साधारण साडेसात मिलिमीटर वाढतं, त्यासाठी ती फट. गाडीचा ‘खडाक् खडाक्’ आवाज म्हणजे ही फट. आता रूळ जोडून लांबच लांब केलेत आणि आवाज गेला, हे खरं. पण का जमलं? कारण तो रूळ काँक्रीटच्या स्लीपरला पोलादी क्लिपांनी आवळलेला असतो, स्लीपर खडीत रुतलेले असतात, आणि रूळ ठरलेल्या तापमानाला ताण काढूनच पक्का केला जातो. इतकं करूनही त्या लांब रुळाच्या दोन्ही टोकांना सरकता सांधा ठेवतात, आणि कडक उन्हात रूळ वाकला तर नाही ना हे बघायला माणसं गस्त घालतात. तुमच्या बेडरूममध्ये फळीखाली काय आहे? दोन-तीन मिलिमीटरचा फोम. तुम्ही गस्त घालणार आहात?

*“आमच्याकडे पाच वर्षं झाली, काही झालं नाही.”*

आनंद आहे. स्कर्टिंग काढून बघा. बहुतेक तिथे फट सापडेल. तुमच्या मिस्त्रीने तुमच्याशी वाद घातला नाही, फक्त तुमचं ऐकलंही नाही.

लाकूड नाही तर मला काय?

खान्देशातल्या शंभरातल्या बहुतेक घरांत लाकूड नाही, टाइल आहे. तर तुमच्यासाठीही हाच मजकूर लागू आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हॉलमधून एकदम ‘फाट्’ असा आवाज येतो, धावत जाऊन बघावं तर दोन फरशा एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. मग वास्तुदोषापासून भूकंपापर्यंत सगळी चर्चा होते. कारण बहुतेक वेळा साधं असतं. ‘झिरो जॉइंट’च्या हट्टापायी फरशा एकमेकींना भिडवून लावलेल्या असतात, कडेला भिंतीपर्यंत सिमेंट भरलेलं असतं आणि खाली माल पोकळ असतो. खालचा स्लॅब वाळताना महिनोन्‌महिने आकसत जातो, वरची फरशी उन्हाने वाढते, आणि दोघांचं भांडण एका दुपारी चव्हाट्यावर येतं. तुमच्या खोलीत चालत जा आणि काठीने फरशी वाजवा. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे ती उद्या उठू शकते.

अमेरिकेतल्या टाइल उद्योगाची मार्गदर्शिका घराच्या आतल्या फरशीत जास्तीत जास्त २५ फुटांवर लवचीक सांधा ठेवा असं सांगते, आणि जिथे थेट ऊन पडतं तिथे ८ ते १२ फुटांवरच. आपल्या गच्चीवर आणि पोर्चमध्ये जे ऊन पडतं, त्याला थेट ऊन नाही तर काय म्हणायचं? तरी दुकानात सगळ्यात जास्त चालणारा शब्द कोणता? ‘गॅपलेस’.

या शब्दाशी माझं खरं भांडण आहे. फट म्हणजे घाण, फट म्हणजे गरिबी, फट म्हणजे अडाणी काम, असं आपल्याला पडद्यावरून शिकवलं गेलंय. चकचकीत, अखंड, रेघ नसलेलं म्हणजे श्रीमंत. पण धुळ्याजवळ महामार्गावरच्या कुठल्याही उड्डाणपुलावरून गाडी न्या. ठरावीक अंतरावर चाकाखाली धक्का बसेल. अब्जावधींचे पूल बांधणारे इंजिनिअर मुद्दाम फट ठेवतात आणि त्यासाठी वेगळा खर्च करतात. त्यांना अखंड दिसणारं आवडत नसेल असं नाही. त्यांना पूल उभा राहायला हवा असतो.

बिल कोण भरतं

आता मुद्द्याच्या मुळाशी येऊ. फरशी उठली की घरमालकाचं नुकसान होतं, हे खरं. पण पहिला फोन कोणाला जातो? मिस्त्रीला. “काय काम केलं भाऊ तुम्ही?” शेवटचा हप्ता आधीच अडकवून ठेवलेला असतो, तो मिळत नाही. उलट फुकटात पुन्हा काम करून दे, नाही तर सगळ्या ग्रुपवर तुझं नाव टाकतो. आणि हा तोच मिस्त्री असतो, ज्याने आखाजीच्या आधी बोटभर जागा सोडली होती आणि ज्याला आपण ‘कापायला चुकला का’ म्हणून झापलं होतं.

त्याच्याकडे पुरावा काय? काही नाही. नक्शात फट दाखवलेली नसते. कोटेशनमध्ये एक ओळ असते: ‘फ्लोअरिंग, सामान व मजुरीसह’. कंपनीच्या सूचनापत्रात फटीचं माप स्पष्ट दिलेलं असतं आणि ती न ठेवल्यास वॉरंटी मिळणार नाही अशीही ओळ असते. पण ते पत्र इंग्रजीत, बारीक अक्षरात, खोक्याच्या आत असतं, आणि खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत जातं. माहिती विकणाऱ्याकडे, हुकूम पैसे देणाऱ्याकडे आणि जबाबदारी फक्त गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. दिवसाला ठरावीक मजुरी घेणाऱ्या माणसाकडून एका पावसाळ्यात महिन्याभराची कमाई वसूल होते, आणि तीही त्याचं म्हणणं खरं ठरलं म्हणून.

म्हणून मी फटीच्या बाजूने आहे तो केवळ लाकडाखातर नाही. ज्याला काम येतं त्याचा शब्द शेवटचा असावा, एवढी साधी मागणी आहे. डॉक्टरला आपण सांगत नाही की टाका जरा बारीक घाला, दिसतो. मिस्त्रीला मात्र प्रत्येक जण सांगतो.

मग करायचं काय

खोकी आणल्यावर लगेच बसवू नका. ज्या खोलीत फरशी होणार तिथेच ती निदान दोन दिवस पडू द्या. लाकडाला त्या हवेची सवय होऊ द्या. सागाच्या भरीव फळ्या असतील तर दुकानदाराला ओलावा मोजून दाखवायला सांगा, कापसाच्या केंद्रावर सांगता तसंच, आवाज चढवून. उन्हाळ्यात बसवत असाल तर सांगितलेल्या मापातलं वरचं माप धरा, खालचं नाही. भिंतीपाशी स्पेसर लावून काम करा आणि संपल्यावर ते सगळे काढा. तिथेच विसरलेला स्पेसर म्हणजे बुजवलेली फट. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फरशीला नाही. दाराची चौकट खालून थोडी कापून फळी तिच्याखाली सरकवा. जड भिंतीतलं कपाट किंवा किचनच्या ट्रॉल्या तरंगत्या फरशीवर बसवू नका. ते आधी बसवा आणि फरशी त्यांच्यापर्यंत आणा. नाही तर एका बाजूने तुम्ही तिला खिळलंत आणि दुसऱ्या बाजूने फट ठेवलीत, याला अर्थ नाही. हॉल आणि बेडरूम सलग एकाच पट्ट्यात नेऊ नका. दाराच्या उंबऱ्यापाशी पट्टी टाकून तोडा.

आणि शेवटचं काम तुमच्या हातातल्या फोनचं. स्कर्टिंग लागण्याआधी भिंतीपाशी पट्टी धरून फटीचे चार फोटो काढा आणि मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. उद्या काही झालं तर त्याच्याकडेही पुरावा असेल आणि तुमच्याकडेही. फट नकोच असेल, तर तेही त्याला लिहून पाठवा: ‘माझ्या सांगण्यावरून फट ठेवली नाही.’ खाली नाव आणि तारीख. हे वाक्य टाइप करताना अंगठा अडखळला, तर मिस्त्रीला परत बोलवा आणि त्याला हवी तेवढी जागा सोडू द्या.